अर्धी गोळी दिली तर चालेल ना?

श्रावणाच्या अंकासाठी पाळीव प्राण्यांचे प्रश्न मागवले तर निम्मी पत्रं गोचिडांचीच आली, त्यामुळे ती सगळी एकत्र करून खाली एकच उत्तर देतेय, माझं पत्र गाळलं असं कुणाला वाटायला नको. बाकीच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे मला लिहायच्या आधी बऱ्याच जणांनी घरातल्या औषधांच्या डब्यात हात घातलाय. म्हणून सुरुवात तिथूनच.

नमस्कार डॉक्टर, आमची चिमणी (मांजर, दीड वर्षं) परवापासून सुस्त आहे, नाक गरम लागतंय. रविवार असल्यामुळे दवाखाना बंद होता. घरात मुलाचं तापाचं सिरप आहे, ते किती थेंब द्यावं? शेजारच्या काकू म्हणतात की अर्धी पॅरासिटामॉल चुरून दुधातून दिली की झालं, त्या त्यांच्या कुत्र्याला देतात. अजून काही दिलेलं नाही.
— चिमणीची आई, ठाणे

दिलं नाहीत हे फार म्हणजे फारच चांगलं केलंत. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष आहे, थेंब नाही, पाव गोळी नाही, काहीच नाही. आपल्या लिव्हरमध्ये हे औषध निकामी करून बाहेर टाकायची जी सोय असते ती मांजराच्या लिव्हरमध्ये जवळपास नसतेच, मग ते औषध शरीरातच वेगळं रूप घेतं आणि थेट रक्तावर हल्ला करतं. रक्त प्राणवायू वाहायचं बंद होतं आणि चॉकलेटी दिसायला लागतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. चार किलोच्या मांजराला 500 च्या गोळीतली अर्धी गोळी जीव घ्यायला पुरते. आणि मुलांचं सिरप म्हणजे 'सौम्य' असतं असं काही नाही, त्यात तेच औषध असतं, फक्त गोड केलेलं.

कुणी चुकून दिलंच असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. यावर उतारा आहे (एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध, माणसांच्या हॉस्पिटलमध्येही असतं), पण तो पहिल्या काही तासांत गेला तर खरा उपयोग. जाताना गोळीची पट्टी किंवा बाटली बरोबर घेऊन जा, आणि डॉक्टर ओरडतील म्हणून 'काही दिलं नाही' असं सांगू नका प्लीज, त्यात वेळ जातो.

आता नाकाचं. गरम नाक म्हणजे ताप हे खरं नाही, उन्हात झोपून उठलेल्या मांजराचं नाक गरमच लागणार. कुत्र्या-मांजराचं नॉर्मल तापमान साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला अंगात सणकून ताप वाटेल तो आकडा त्यांचा रोजचा असतो. मोजायचं तर साध्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून, आणि तो थर्मामीटर मग त्यांचाच. चिमणी अजून सुस्त असेल, खात नसेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आज तिला घेऊन जा.

काकूंच्या कुत्र्याबद्दल. पॅरासिटामॉलच्या बाबतीत कुत्रा मांजराइतका नाजूक नाही, पण डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरनेच ठरवायचा. कुत्र्यांमध्ये मला जास्त भीती वाटते ती आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकची, लंगडतोय म्हणून आजोबांची गुडघ्याची गोळी देतात आणि मग पोटात अल्सर, काळी शी, किडनी फेल. डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं संपत आली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, तेच हे औषध. तर डबा बंद ठेवा.

आमच्याकडे श्रावण कडक पाळतात. एरवी मनीला रोज बांगडा किंवा सुकट असतं, आता महिनाभर दूधभात, पोळी, तूपभात असं चाललंय. चार दिवस झाले, धड खात नाही, वास घेते आणि निघून जाते. सासरे म्हणतात भूक लागली की गुपचूप खाईल, आपण नाही का उपास करत. मांजराला महिनाभर व्हेज चालतं का?
— एक सूनबाई, सदाशिव पेठ

नाही चालत. आणि 'भूक लागली की खाईल' हे तर मांजराच्या बाबतीत अजिबातच चालत नाही.

सासऱ्यांना असं सांगा की कुत्रा आपल्यासारखाच मिश्र खाणारा आहे, नीट आखून दिलं तर तो कमी मांसावरही निभावतो. मांजर वाघाच्या जातीचं. टॉरीन नावाचा एक घटक तिला मांसातूनच घ्यावा लागतो, भात-पोळीत तो नसतोच आणि दुधात अगदी नावापुरता. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं, हे हृदयाचं प्रकरण अमेरिकेत 1987 मध्ये नक्की कळलं आणि त्यानंतर कॅट फूड बनवणाऱ्यांनी टॉरीन वाढवलं. अ जीवनसत्त्वाचंही तेच, आपण गाजरातून ते बनवून घेतो, तिला ते बनवता येत नाही. आता एका महिन्यात डोळे जाणार नाहीत, तेवढं घाबरू नका, पण दर वर्षी श्रावण, मग पितृपक्ष, मग नवरात्र, मग मार्गशीर्ष असं धरलं तर वर्षातले बरेच महिने होतात की नाही?

तातडीचं आहे ते न खाण्याचं. मांजर, त्यातून जरा गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की शरीरातली चरबी धडाधड लिव्हरकडे जाते, लिव्हर ती सांभाळू शकत नाही, आणि मग मांजराला खावंसंच वाटत नाही म्हणून ते अजून खात नाही. कावीळ होते, नळीने भरवावं लागतं. चार दिवस धड खाल्लं नाही म्हणताय तर तिला आधी डॉक्टरला दाखवा, कान आणि हिरड्या पिवळ्या दिसतायत का तेही बघा.

तोडगा सोपा आहे. तयार कॅट फूड आणा, ज्याच्यावर 'कंप्लीट' म्हणजे पूर्ण आहार असं लिहिलेलं असेल ते. ते पाकिटातून येतं, तुमच्या गॅसवर शिजत नाही, तुमच्या भांड्यांना लागत नाही, तिचं ताट गॅलरीत ठेवा आणि झालं. बऱ्याच सोवळ्याच्या घरांत मी हा तह करून दिलाय आणि टिकलाय. फक्त एकदम बदलू नका, आठवडा-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळून न्या. आणि हो, श्रावण संपला तरी नुसत्या सुकटीवर परत जाऊ नका, त्यात मीठ किती असतं ते तुम्हाला माहितीच आहे. कच्चा मासाही रोज नको, काही माशांत बी-1 जीवनसत्त्व मारणारा घटक असतो, शिजवून द्या.

दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ढाळ होते. आवडतं म्हणून पितात. आवडणं आणि मानवणं एक नाही.

गोचीड. (सातारा, बारामती, वाशी, हुबळी, नाशिक आणि इतर)

सगळ्यांचं दुखणं सारखंच आहे: औषध लावतो, आंघोळ घालतो, चिमट्याने काढतो, आठ दिवसांत परत येतात. येणारच, कारण तुम्ही कुत्रा साफ करताय आणि गोचीड राहतोय घरात. कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड अंड्यातून निघाल्यापासून तीनदा अंगावर चढतो, रक्त पितो, उतरतो, कात टाकतो आणि परत चढतो. पोट भरलेली मादी उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत हजारोंनी अंडी घालते. तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीत. नाशिकच्या ताईंनी लिहिलंय 'भिंतीवर वर चढताना दिसतात', बरोबर आहे, हा गोचीड वरच चढतो, म्हणून फरशी पुसून भागत नाही, भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा, कुत्र्याची गोधडी उकळत्या पाण्यात टाका, फार असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला गोचिडांचं म्हणून सांगून बोलवा आणि तेव्हा प्राणी घरात ठेवू नका.

कुत्र्यासाठी आता चघळायच्या गोळ्या मिळतात, काही महिनाभर टिकतात, काही तीन महिने. महाग आहेत हे कबूल, पण मोठ्या घरात, बंगल्यात, शेतावर याच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. कुत्र्याला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरला सांगा, त्यांना या गोळ्या जपून देतात. औषध पावसाळ्यापुरतं करून थांबू नका, आपल्या हवेत गोचीड बारा महिने असतो.

आता काय करू नका. रॉकेल लावू नका, उदबत्तीने चटका देऊ नका, कातडी भाजते आणि गोचीड मरता मरता लाळ आत सोडतो. चिमट्याने कातडीजवळ धरायचा, सरळ ओढायचा, साबणाच्या पाण्यात टाकायचा, बोटांनी चिरडायचा नाही. बारामतीच्या काकांनी गोठ्यातलं, म्हशीच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला अंघोळ घातली, आणि तेच पाणी घरच्या मांजरालाही. काका, या औषधांमधले बरेच प्रकार मांजराला झटके आणून मारतात. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं स्पॉट-ऑनसुद्धा (कातडीवर थेंब टाकायचं औषध) मांजराला चालत नाही, अगदी ओलं असताना मांजर त्या कुत्र्याला चिकटून झोपलं तरी त्रास होतो. पाकिटावर मांजराचं चित्र नसेल तर मांजराला लावायचं नाही.

आणि हे सगळं एवढं का, तर गोचीड-ताप. ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, लघवी गडद. यातलं एक जरी दिसलं तरी रक्त तपासा, प्लेटलेट बघा. वाशीच्या ताईंना मेडिकलवाल्याने डॉक्सीसायक्लिन दिलंय आणि कुत्रा पाच दिवसांत उड्या मारायला लागला म्हणून त्यांनी बंद केलं. ताई, गोचीड-तापाचा एक जंतू, एर्लिकिया, त्याला ते औषध साधारण चार आठवडे लागतं, मधेच सोडलं तर तो शरीरात लपून बसतो. आणि दुसरा असतो बबेसिया, तो नुसत्या डॉक्सीने जात नाही, त्याची औषधं वेगळी. कुठला आहे ते मेडिकलच्या काउंटरवरून कळत नाही.

आमचा बोका (4 वर्षं, नसबंदी झालेली) दोन दिवसांपासून सारखा लिटरमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो. शी होत नाहीये बहुतेक. एरंडेल दिलं तरी काही झालं नाही. आज उलटी केली. काय द्यावं?
— औरंगाबादहून मेल

हा मेल वाचल्या वाचल्या त्याच्या खाली दिलेल्या नंबरवर फोन केला, ते लोक निघाले लगेच, बोक्याची मूत्रनळी तुंबलेली होती, सुटलाय तो. छापतेय ते इतरांसाठी.

जोर करणारा बोका दिसला की शी नाही, आधी लघवीचा विचार करायचा. बोक्याची मूत्रनळी टोकाला इतकी बारीक असते की खडे नाही, नुसती वाळूसारखी कच आणि चिकट स्राव साठला तरी बूच बसतं. लघवी तुंबली की पोटॅशियम रक्तात चढतं आणि शेवटी हृदय थांबतं, एक ते दोन दिवसांचा खेळ असतो सगळा. लिटरमध्ये गोळा पडलाय का, की नुसते दोन थेंब, की काहीच नाही? सारखं खाली चाटतोय का? पोटाला हात लावू देत नाही का? मग रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघायचं. एरंडेल, जिरेपाणी, बार्ली पाणी काही नाही. पोट दाबून बघायचं तर मुळीच नाही, भरलेली लघवीची पिशवी फुटू शकते.

पुन्हा होऊ नये म्हणून मुख्य म्हणजे पाणी पोटात जायला हवं. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीतूनच पाणी मिळवणारे, त्यामुळे मांजर तहान लागली तरी फार पीत नाही, आणि आपण त्याला बारा महिने कोरडे दाणे घालतो. ओलं खाणं वाढवा, चिकन उकडलेलं बिनमिठाचं पाणी द्या (त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही मांजराच्या रक्तपेशी फोडतात), पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा. लिटरचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त असावेत. घरात बदल, पाहुणे, नवीन मांजर, रंगकाम, याच्या ताणानेही होतं हे.

मी तीन महिन्यांची प्रेग्नंट आहे. घरात सहा वर्षांची मांजर आहे, ती कधीच बाहेर जात नाही. सासूबाई आणि आई दोघींचं म्हणणं, मांजराचा केस पोटात जातो आणि बाळाला त्रास होतो, तिला सोडून या. मी रोज रडतेय. खरं सांगा ताई.
— नाव नको, कोल्हापूर

रडू नकोस आणि मांजर सोडूही नकोस. तोंडावाटे गेलेला केस पोटातून शीवाटे बाहेर पडतो, गर्भाशयाकडे जायला त्याला रस्ताच नाही. पण आईच्या आणि सासूबाईंच्या भीतीमागे एक खरी गोष्ट आहे, ती समजून घे म्हणजे त्यांच्याशी भांडावं लागणार नाही.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. मांजर कच्चं मांस किंवा उंदीर खाऊन पहिल्यांदा त्याच्या तावडीत सापडतं तेव्हा एक-दोन-तीन आठवडे त्याच्या शीतून त्याची अंडी पडतात, त्यानंतर सहसा नाही. आणि ताजी शी लगेच धोकादायक नसते, ती अंडी तयार व्हायला कमीत कमी एक दिवस लागतो. मग काय करायचं? ट्रे रोज साफ करायचा, आणि तो तू नाही, नवऱ्याने. (हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखव, त्यांना आवडेल की नाही माहीत नाही.) तुझी मांजर घरातच असते, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खात असेल तर तिच्याकडून हे येण्याची शक्यता फारच कमी. माणसांना हा जंतू जास्त करून अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या कोथिंबीर-पालकातून आणि बागेतल्या मातीतून लागतो. तेव्हा कुंड्यांत हात घालताना ग्लोव्हज घाल, भाजी नीट धू, तांबडा-पांढरा रस्सा खा पण मटण पूर्ण शिजलेलं. तुझ्या गायनॅकला रक्त तपासणीचं विचार, आधी होऊन गेलेलं असेल तर तेही कळतं. मांजर मांडीवर घेऊन बसायला काही हरकत नाही.

लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) पिल्लू 32 दिवसांचं असताना आणलं, पहिली लस झाली आहे. डॉक्टर अजून दोन-तीन डोस सांगतायत. एकच लस परत परत कशाला? हा पैसे काढायचा प्रकार नाही ना?
— पनवेल

हा संशय दर महिन्याला येतो, म्हणून सविस्तर. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते ती काही आठवडे त्याला वाचवते, पण तीच आपली लसही हाणून पाडते. ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, कुणात सात आठवड्यांनी तर कुणात चौदा. नेमका दिवस कळत नाही म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस देत राहायचं, म्हणजे एक तरी डोस बरोबर वेळी बसतो. रेबीजची तीन महिन्यांनंतर. हे पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, अनोळखी कुत्र्यांत सोडायचं नाही, पण कडेवर घेऊन फिरवा, माणसं-गाड्या-आवाज दाखवा, नाहीतर मोठं होऊन भित्रं होतं.

ही लस ज्या आजारांपासून वाचवते त्यातला पार्वो म्हणजे काय ते ज्याने पाहिलंय तो हा प्रश्न विचारत नाही. उलट्या, रक्ताची घाण वास येणारी जुलाब, दोन दिवसांत पिल्लू चामडीला चिकटतं. हा विषाणू घरात, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलला दाद देत नाही, ब्लीच एकाला तीस पाणी असं करून दहा मिनिटं ठेवलं तर मरतो. म्हणून ज्यांचं पिल्लू पार्वोने गेलं त्यांनी लगेच दुसरं आणू नये, आणायचंच तर लसी पूर्ण झालेलं, मोठं आणावं.

आणि 32 दिवसांचं पिल्लू विकणं हेच मुळात नियमाबाहेरचं आहे, पेट शॉपच्या 2018 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही. 'लहान आणलं की लळा लागतो' हे विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे, आई-भावंडांत राहून पिल्लू चावण्याची ताकद आवरायला शिकतं, ते राहून जातं आणि मग चार महिन्यांनी मलाच पत्र येतं की फार चावतो. खर्चाचं म्हणाल तर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहेच.

गणपतीला देवगडला गावी जातोय, पाच दिवस. आमच्या ब्रूनोला (बीगल) पहिल्यांदाच नेणार. ट्रेनने नेता येईल का? फटाके आणि ढोल याने तो थरथरतो, झोपेची गोळी द्यावी का?
— डोंबिवली

ट्रेनने सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीत पूर्ण कूपे किंवा केबिन लागतं, नाहीतर तो एकटा गार्डच्या डब्यातल्या पेटीत. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेचं साधं वेटिंग क्लिअर होत नाही तिथे कूपे कुठून मिळणार, तेव्हा गाडीच बघा. निघायच्या आधी चार-पाच तास पोट रिकामं, घाटात थांबत थांबत, आणि चहाला उतरताना काचा बंद करून त्याला आत ठेवायचं नाही, ढगाळ असलं तरी.

ढोलाचं. 'झोपेची गोळी' नको. काही जुन्या गोळ्या कुत्र्याला नुसतं लुळं करतात, भीती आत तशीच राहते, फक्त त्याला पळता येत नाही. भीती खरोखर कमी करणारी औषधं आहेत, डॉक्टर तपासून देतात, पण ती जायच्या आधी घरी एकदा देऊन बघायची, त्या दिवशी पहिल्यांदा नाही. आरतीच्या वेळी मागच्या खोलीत, पंखा आणि रेडिओ चालू, त्याची रोजची चादर, जवळ घरातलं एक माणूस. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं की तो अजून घाबरट होतो असं म्हणतात ते खरं नाही, बिनधास्त जवळ घ्या. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर शिवून टाका, गावाला दारं उघडीच असतात.

आता मला खरी भीती ज्याची वाटते ते. एक, प्रसाद. पंचखाद्यात खिसमिस असतात, आणि मनुका-बेदाणे-द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत. कुणाला काही होत नाही आणि कुणाची थोड्याशाने किडनी बंद पडते, आधी ओळखता येत नाही. संशय टार्टारिक ॲसिडवर आहे, जे चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा आमटीभातही नको. बीगल म्हणजे खादाड, आणि घरातली मुलं 'घे रे ब्रूनो' म्हणत देणारच, त्यामुळे मुलांना आधी सांगून ठेवा. खाल्लंच तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडे, उलटी काढता येते.

दोन, साप. भाद्रपदात कोकणात गवत गुडघाभर असतं आणि देवगडच्या कातळावर फुरसं असतं, घोणसही. कुत्रा नाक घालून बघतो आणि नाकावर किंवा पंजावर चावा बसतो. साखळीशिवाय सोडू नका, विशेषतः संध्याकाळी. चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चालवायचं नाही, उचलून न्यायचं. माणसांना देतात तीच सर्पविषावरची लस कुत्र्यालाही चालते, पण प्रत्येक पशुवैद्याकडे ती असेलच असं नाही, म्हणून गावी पोचल्यावर पहिल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा. शेतातल्या साठलेल्या पाण्याचं लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून लागणारा आजार) आलंच, त्याची लस वर्षाच्या लसीत धरलेली आहे का बघून घ्या.

आमचाच कुत्रा खेळताना मुलीला चावला, थोडं रक्त आलं. कुत्र्याची रेबीजची लस झालीये. हळद लावली. इंजेक्शन घ्यायची गरज आहे का?
— लातूर

हळद, चुना, तिखट, काहीही लावायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप असतात. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात. कुत्र्याचं लसीचं पुस्तक सोबत न्या, पण 'लस झालीये' एवढ्यावर घरी थांबू नका, रक्त आलंय, काय द्यायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. कुत्रा दहा दिवस डोळ्यासमोर ठेवा, तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस कमी करता येतात. मांजराच्या ओरखड्यालाही हेच सगळं. रेबीज झाल्यावर औषध नाही, म्हणून इथे मी कुणाशी वाद घालत नाही.

गोव्याला बघा, तिथे वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना धरून लस टोचली आणि 2021 मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित' जाहीर झालं, कुत्री न मारता.

सोसायटीने कुत्र्याला लिफ्टबंदी केलीये, आम्ही सातव्या मजल्यावर. करू शकतात का?
— पिंपळे सौदागर

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक आहे, ठराव बहुमताने झाला तरी पाळीव प्राण्यावर किंवा त्याच्या लिफ्टवर बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, हसत द्या. आणि कुत्र्याची शी स्वतः उचला, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, घाबरणारं माणूस असेल तर पुढच्या फेरीने जा. निम्म्या सोसायट्यांतली भांडणं शी उचलली तर मिटतील.

नागपूरला हस्की पाळावी का?
— नागपूर

नाही.

(जरा जास्तच तुटक झालं. मे महिन्यात 45 डिग्रीत बर्फातला कुत्रा चोवीस तास एसीत ठेवावा लागतो आणि लाइट गेली की संपलं. पगचंही तसंच, 2003 च्या मोबाइलच्या जाहिरातीत तो दिसला आणि घरोघरी आला, पण चपट्या नाकाने त्याला उन्हाळ्यात धड श्वासही घेता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. विदर्भात, मराठवाड्यात आपलं गावठी पिल्लू घ्या, नाहीतर मोठी जागा आणि पळवायला वेळ असेल तर कारवानी, आपला देशी शिकारी कुत्रा.)

कुत्रा गवत खातो म्हणजे पाऊस येणार असं आजी म्हणते, खरं का?
— ओवी, इयत्ता पाचवी, वाई

ओवी, चांगले धडधाकट कुत्रेही गवत खातात आणि पाऊस नसतानाही खातात. तुझा कुत्रा अधूनमधून खात असेल तर खाऊ दे, फक्त औषध फवारलेल्या शेतातलं नको. रोज खाऊन रोज उलटी करत असेल तर बाबांना सांग, जंताचं औषध कधी दिलं होतं ते विचार, मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी देतात. आजीला माझा नमस्कार सांग.

पुढच्या अंकासाठी लिहिताना प्राण्याचं वय, वजन, नर की मादी, नसबंदी झालीये का आणि आत्तापर्यंत काय काय दिलं (खरं खरं) हे लिहा. लघवी बंद, फिट्स, रक्त, धाप, विष यातलं काही असेल तर मला लिहू नका, तुमच्या डॉक्टरला फोन करा.